उठाव कधी येणार, त्याआधी कोणाचा येणार ते विचारा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

भोसरी एमआयडीसीत आमचं वडिलांनी उभं केलेलं मशीन शॉप आहे. मुख्य काम गाड्यांच्या पार्ट्सचं. २०२१ पासून बेंगळुरूच्या एका कॉन्ट्रॅक्टरसाठी अ‍ॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड, प्लेट्स आणि व्हॅक्यूम चेंबरचे काही भाग करतो. ते पुढे चिप बनवणाऱ्या मशीनमध्ये बसतात. २०२२ मध्ये रात्रपाळी लावूनही काम उरकत नव्हतं, म्हणून कर्ज काढून फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीन (पाच अक्षांवर हलून धातू कापणारं) घेतलं. ते बसलं आणि काही महिन्यांत ऑर्डरी निम्म्यावर आल्या. हप्ते बाबांनी गाड्यांच्या कामातून भरले. आता तोच कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, 'पुढच्या वर्षी दुप्पट लागेल, अजून एक मशीन घ्या.' बाबांचा साफ नकार आहे. या धंद्यातला पुढचा उठाव, म्हणजे मागणीची तेजी, येण्याआधी ओळखायचा कसा? मशीन घेऊ का? आणि धोलेऱ्याला चिपचा कारखाना होतोय, त्याचा आम्हाला काही उपयोग आहे का?

नमस्कार.

मशीनचं आधी सांगते, कारण घरातला वाद त्यावरूनच असणार. कॉन्ट्रॅक्टरच्या नुसत्या फोरकास्टवर, म्हणजे तोंडी किंवा कागदी अंदाजावर, मशीन घेऊ नका. पण बाबांच्या सांगण्यावरून हे काम सोडूही नका. उठावाची तारीख आधी कळत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, आणि ज्यांचा व्यवसायच अंदाज बांधण्याचा आहे त्यांनाही नाही. उठाव कोणत्या क्रमाने येतो ते मात्र बऱ्यापैकी ठरलेलं असतं, आणि तुमच्या आकाराच्या शॉपला तेवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तारखेच्या अंदाजांचं काय होतं, ते २०२३ या एकाच वर्षावरून बघा. सेमी ही या उद्योगाची जागतिक संघटना. मशीन बनवणाऱ्या कंपन्या तिच्या सभासद, म्हणजे या धंद्याकडे याहून जवळून कोणी बघत नाही. जुलै २०२२ मध्ये सेमीचा अंदाज होता की २०२३ मध्ये जगभरात १२०.८ अब्ज डॉलरची मशीनं विकली जातील. डिसेंबर २०२२ मध्ये तोच अंदाज ९१.२ अब्जांवर आला. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे अर्धं वर्ष सरल्यावर, तो ८७.४ अब्ज झाला. डिसेंबर २०२३ मध्ये १०० अब्ज. प्रत्यक्षात विक्री झाली १०६.३ अब्जांची, आदल्या वर्षापेक्षा जेमतेम एखादा टक्का कमी. वर्ष संपत आलं तरी त्याच वर्षाचा आकडा सहा अब्जांनी हुकला होता.

ही माणसं कच्ची नाहीत. मेमरी चिपचा बाजार बसणार हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं, आणि तो बसलाही. हुकला तो चीनचा हिशोब. ७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेने प्रगत चिपसाठी लागणारी मशीनं चीनला विकण्यावर निर्बंध आणले. उद्या जुन्या पिढीची मशीनंही मिळणार नाहीत या धास्तीने चिनी कंपन्यांनी मिळेल ते उचलायला सुरुवात केली. २०२३ मध्ये एकट्या चीनमध्ये ३६.६ अब्ज डॉलरची मशीनं गेली. एका सरकारचा निर्णय आणि त्यावर दुसऱ्या देशातल्या कंपन्यांची घाई या दोन गोष्टी कोणत्याही अंदाजाच्या सूत्रात बसत नाहीत, आणि हल्ली याच दोन गोष्टी वर्षाचा निकाल ठरवतात.

आता तुमच्या शॉपकडे येऊ. जगाची विक्री एका टक्क्याने घटली आणि तुमची निम्मी झाली. असं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर तिथेच आहे.

एक कारण असं की सगळ्यांचा मिळून एक उठाव आणि एक मंदी असं नसतंच. लॅम रिसर्च या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा मोठा धंदा मेमरी चिपच्या कारखान्यांशी, त्यातही थरांवर थर रचलेल्या नँड मेमरीत (माहिती साठवून ठेवणाऱ्या चिपमध्ये) खोल भोकं पाडणाऱ्या एचिंगच्या, म्हणजे कोरण्याच्या, मशीनचा. २०२२ च्या शेवटी मेमरी चिप बनवणाऱ्या एसके हायनिक्सने पुढच्या वर्षीचा भांडवली खर्च निम्म्याहून जास्त कापायचं जाहीर केलं, मायक्रॉननेही कात्री लावली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सॅमसंगनेसुद्धा उत्पादन कमी करत असल्याचं मान्य केलं. लॅमची तिमाही विक्री डिसेंबर २०२२ मध्ये ५.२८ अब्ज डॉलर होती, ती जून २०२३ च्या तिमाहीत ३.२१ अब्जांवर आली. त्याच २०२३ सालात नेदरलँड्समधल्या एएसएमएलची विक्री २१.२ अब्ज युरोंवरून २७.६ अब्जांवर गेली. लिथोग्राफीची, म्हणजे चिपवर नक्षी छापण्याची, मशीनं बनवण्यात ते सगळ्यात पुढे आणि आधीच्या ऑर्डरींचा ढीग त्यांच्या हातात होता. धंदा एकच, वर्ष एकच, आणि एका कंपनीत माणसं कमी होत असताना दुसरीला मशीनं पुरवता येत नव्हती. तुमचा मॅनिफोल्ड यातल्या कोणाच्या मशीनमध्ये बसतो, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तुम्ही कॉन्ट्रॅक्टरचं गाव लिहिलंत, आपण कोणते भाग करतो ते लिहिलंत, पण ते कोणत्या मशीनमध्ये जातात त्याचा उल्लेख नाही. ही माहिती तुम्हाला असायलाच हवी. कंपनीचं नाव गुप्ततेच्या कराराखाली असेल तर निदान एवढं विचारा: मशीन एचिंगचं, थर चढवण्याचं, तपासणीचं की टेस्टिंगचं? जास्त खपतं कुठे, मेमरीच्या कारखान्यात की लॉजिकच्या (हिशोब करणाऱ्या चिपच्या)? विकत घेणाऱ्यांत चीनचा वाटा किती? एवढं कळलं की कोणाच्या उठावाची वाट बघायची ते कळेल.

दुसरं कारण साखळीतल्या तुमच्या जागेचं. मी अमेरिकेत या धंद्याच्या खरेदी विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. २०२१-२२ मध्ये एखादा व्हॉल्व्ह किंवा एखादं कंट्रोल बोर्ड मिळालं नाही म्हणून कोट्यवधींची मशीनं अर्धवट उभी राहत. त्यामुळे जो तो गरजेपेक्षा जास्त मागवायचा. मशीनवाला जास्त, त्याला जोडलेले संच पुरवणारा मोड्यूलवाला त्याहून जास्त, आणि तुमचा कॉन्ट्रॅक्टर त्याच्याही वर. तुमच्या रात्रपाळीत निघालेल्या मालाचा बराचसा भाग कुठल्यातरी गोदामात जाऊन पडला असणार. मेमरीवाल्यांनी हात आखडल्यावर वरच्यांनी आधी गोदाम रिकामं केलं आणि मग तुम्हाला फोन केला. म्हणून तुमची घसरण त्यांच्यापेक्षा खोल असते आणि तुमचा उठाव त्यांच्यानंतर येतो. पण येतो तेव्हा अंगावर येतो. २००८ मध्ये जगात २९.५ अब्ज डॉलरची मशीनं विकली गेली, २००९ मध्ये १५.९ अब्जांची, आणि २०१० मध्ये ३९.५ अब्जांची. चिपची विक्री मात्र २००९ मध्ये नऊ टक्क्यांनीच घसरली होती. चिपवाल्याकडे असलेली मशीनं चालूच राहतात. नवी लागतात ती वाढीसाठी आणि नव्या पिढीच्या तंत्रासाठी. वाढ थांबली की नवी खरेदी जवळपास बंद होते, आणि सुरू झाली की सगळ्यांना एकाच तिमाहीत हवी असते. लासलगावच्या कांद्याचं जे होतं तेच इथे होतं: भाव चढला की सगळे लावणी करतात, माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. फरक इतकाच, की कांदा काही महिन्यांत निघतो आणि कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं जातात.

आता क्रम सांगते. मेमरीच्या बाजूने बोलते, कारण चढउतार तिथेच सगळ्यात मोठे आणि तुमच्या ऑर्डरींची चाल बघता तुम्ही बहुधा त्याच बाजूला आहात. आधी फोन, कॉम्प्युटर आणि सर्व्हर बनवणाऱ्यांकडचा चिपचा साठा उतरतो. मग रोखीच्या बाजारातले भाव हलतात, त्यामागून कराराचे भाव. मग चिपचे कारखाने पूर्ण क्षमतेने चालू लागतात. पुढची पायरी असते असलेल्या मशीनमध्ये सुधारणा करून घेण्याची, आणि सगळ्यात शेवटी नवी मशीनं. भाव चढल्यापासून नव्या मशीनच्या ऑर्डरीपर्यंत कित्येक महिने जातात, कधीकधी वर्षाहून जास्त. मेमरीचे कराराचे भाव २०२३ च्या अखेरच्या तिमाहीत वर वळले होते. तरी नँडच्या कारखान्यांचा मशीनवरचा खर्च २०२४ भर थंडच होता. डीरॅमचा (कॉम्प्युटर काम करताना वापरतो त्या मेमरीचा) मात्र एआयच्या सर्व्हरसाठी लागणाऱ्या एचबीएम मेमरीमुळे लवकर सुधारला. मेमरी सुधारली असं ऐकलंत तर कोणती, हेही विचारायचं.

यातली बरीच माहिती फुकट मिळते. दक्षिण कोरिया दर महिन्याच्या १ तारखेला आदल्या महिन्याची निर्यात जाहीर करतो, त्यात चिपचा आकडा वेगळा असतो. तैवानची टीएसएमसी (दुसऱ्या कंपन्यांसाठी चिप बनवणारी सगळ्यात मोठी कंपनी) दर महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत सांगते आणि वर्षाचा भांडवली खर्च किती करणार ते जानेवारीच्या मध्यावर. जपानच्या मशीन उत्पादकांच्या संघटनेचा मासिक आकडाही येतो. जुन्या लेखांत तुम्हाला बुक-टू-बिल नावाचं गुणोत्तर सापडेल, आलेल्या ऑर्डरी भागिले पाठवलेली बिलं. एकाच्या वर गेलं की उठाव, असं तेव्हा मानत. त्याच्या मागे लागू नका, सेमीने ते २०१६ च्या आकड्यांनंतर प्रसिद्ध करणं बंद केलं. एएसएमएलच्या तिमाही ऑर्डरींकडे बघूनही लोक निष्कर्ष काढतात. त्या २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत ९.२ अब्ज युरो होत्या, पुढच्या तिमाहीत ३.६, मग ५.६, मग २.६, मग ७.१. तो २.६ चा आकडा १५ ऑक्टोबर २०२४ ला चुकून एक दिवस आधी बाहेर पडला आणि शेअर एका दिवसात १६ टक्क्यांनी आपटला. तरी कंपनीचं ते वर्ष तोवरच्या विक्रमी विक्रीचं ठरलं. २०२६ पासून तिमाही ऑर्डरींचा आकडा देणार नाही, असं कंपनीने सांगून टाकलं, आणि मला ते योग्य वाटतं.

नव्या कारखान्यांच्या घोषणांना तर अजिबात भुलू नका. इंटेलने ओहायोचा कारखाना जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला तेव्हा २०२५ मध्ये उत्पादन सुरू करायची भाषा होती. आता ती २०३०-३१ ची आहे. जमीन, इमारत, क्लीनरूम हे सगळं आधी होतं. मशीनं शेवटी येतात, कारखान्याच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा त्यांचा असतो आणि पुढे ढकलायलाही तीच सगळ्यात सोपी.

माझं स्पष्ट मत असं, की या सगळ्या आकड्यांपेक्षा चांगली खूण तुमच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये येते. पोकळ फोरकास्ट कसा दिसतो? नीटनेटकी एक्सेल शीट, प्रत्येक पार्टसमोर चार तिमाह्या, आणि प्रत्येक तिमाहीत आकडा ठरल्यासारखा चढत गेलेला. वरून कोणीतरी टक्केवारी ठरवलेली असते आणि ती सगळ्या पार्टांना सरसकट लावलेली असते. खरा उठाव असा व्यवस्थित येत नाही. तो येतो तेव्हा खरेदीवाला एकाच पार्टसाठी मेल करतो: चाळीसची ऑर्डर आहे, त्यातले सहा या शुक्रवारी निघतील का, कुरिअरचा खर्च आम्ही देतो. पुढच्या आठवड्यात तोच पार्ट पुन्हा, आता आठ हवे. मग दुसऱ्या पार्टचं तेच. रखडलेल्या ऑर्डरींच्या तारखा अलीकडे येतात, आणि तीन महिने उत्तर न देणारा माणूस रोज फोन करायला लागतो. विमानाचं भाडं स्वतः सोसायला जो तयार आहे त्याच्या गोदामात माल नाही, एवढं नक्की. गेल्या सहा महिन्यांच्या मेल काढून बघा. तारखा अलीकडे आणायच्या विनंत्या किती आणि पुढे ढकलायच्या किती, हे महिन्यावार लिहून काढा. तुमच्या उठावाचा याहून खरा आकडा कोणतीच संघटना तुम्हाला देणार नाही.

याच्याही आधी खबर हवी असेल तर कॉन्ट्रॅक्टरकडे झिजणाऱ्या भागांचं काम मागा. चेंबरच्या आतले काही भाग, वेफर (ज्यांवर चिप बनतात त्या चकत्या) जितक्या जास्त जातील तितके लवकर झिजतात आणि बदलावे लागतात. कारखाना पूर्ण क्षमतेने चालू लागला की त्यांची मागणी लगेच वाढते, नव्या मशीनच्या ऑर्डरीच्या किती तरी आधी. मंदीतही ती शून्यावर येत नाही. भाव थोडा कमी मिळाला तरी असं एखाद-दुसरं काम शॉपमध्ये असूच द्या.

आणि मंदीत करायचं खरं काम हेच की जास्तीत जास्त पार्ट मंजूर करून घ्यायचे. गाड्यांच्या कामात तुम्ही पीपीएपी (पार्ट मंजूर करून घेण्याची ठरलेली पद्धत) केलेलंच आहे, पण इथली मंजुरी त्याहून चिवट असते. पहिल्या नगाची सगळी मापं, मटेरियलचे दाखले, अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवर संरक्षक थर देणं) कुठे झालं, धुतलं कसं, क्लीनरूममध्ये दुहेरी पिशवीत भरलं का, सगळं कागदावर लागतं. एकदा मंजूर झाल्यावर मशीन बदललं, अ‍ॅनोडायझिंगवाला बदलला, काही ठिकाणी तर कूलंट बदललं तरी आधी विचारावं लागतं. म्हणजे आज तुम्ही दुसरं मशीन आणलंत तरी त्यावर हेच पार्ट लगेच चालतील असं नाही. मंजुरी देणाऱ्या इंजिनिअरला वेळ असतो तो मंदीतच. तेजी आली की त्याला नवा सप्लायर उघडायला सवड नसते, तो यादीत जे आहेत त्यांच्याच मागे लागतो. २०१० च्या त्या उसळीत ज्यांची नावं यादीत होती त्यांनाच काम मिळालं. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला सांगा: दुप्पट लागणार म्हणता ना, मग आमच्या आहे त्या फाइव्ह-अ‍ॅक्सिसवर आणखी पाच-सहा पार्ट आत्ताच मंजूर करून द्या. त्याचा आकडा खरा असेल तर तो आनंदाने करेल. टाळाटाळ केली तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

आहे त्या मशीनचा स्पिंडल (कापणारं हत्यार फिरवणारा दांडा) दिवसातून खरोखर किती तास फिरतो तेही मोजा. माझ्या पाहण्यात बहुतेक शॉपमध्ये काम अडतं ते स्पिंडलवर नाही, तर सीएमएमच्या (मापं तपासण्याच्या यंत्राच्या) रांगेत किंवा धुण्याच्या आणि पॅकिंगच्या टेबलावर. पैसे घालायचेच असतील तर आधी तिथे घाला. चांगला सीएमएम बाबांच्या गाड्यांच्या कामालाही लागतो, त्यामुळे त्याला त्यांचा विरोधही कमी असेल.

नवं मशीन घ्यायचं ते या अटींवर. एक, फोरकास्ट नव्हे, निदान दोन तिमाह्यांची पक्की पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) हातात असावी. दोन, त्यांच्या फोरकास्टप्रमाणे तुम्ही उचललेल्या अ‍ॅल्युमिनियमची जबाबदारी त्यांनी लेखी घ्यावी. ऑर्डर फिरली तर मटेरियलचे पैसे ते देतील, असं स्पष्ट शब्दांत. तीन, आणि ही अट बाबांच्या वतीने मी घालते: उद्या चिपचं काम पूर्ण थांबलं तरी त्या मशीनचा हप्ता गाड्यांच्या कामातून निघाला पाहिजे. म्हणजे मशीन फक्त चेंबरसाठी घेतलेलं, अवाढव्य टेबलाचं नको. बँकेकडून कर्ज मंजूर करून ठेवायला हरकत नाही, उचल मात्र पीओ आल्यावर करा. चिपच्या कामाचा वाटा एकूण उलाढालीच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ लागला तर थांबून पुन्हा हिशोब करा. गेल्या खेपेला तुम्ही तरलात ते गाड्यांच्या कामामुळे. बाबांचा नकार त्या अनुभवातून आलेला आहे, त्याला भित्रेपणा समजू नका. या अटी कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. माझा अंदाज आहे, ते नुसतं 'नाही' म्हणणार नाहीत, एखादी अट आणखी कडक करतील.

राहिला धोलेऱ्याचा प्रश्न. टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा हा ९१,००० कोटींचा प्रकल्प केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केला, क्षमता महिन्याला ५०,००० वेफरची. देशासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण एका कारखान्याने जगाच्या मशीनबाजाराची चाल बदलत नाही, आणि त्याची मशीनं अमेरिका, जपान, नेदरलँड्सच्या याच कंपन्यांकडून येणार. तुमचा उपयोग सुरू होईल तो कारखाना चालू झाल्यावर, सुटे भाग, दुरुस्ती, फिक्स्चर आणि स्वच्छ धुलाईच्या कामात. त्यासाठी तेव्हा जो अनुभव विचारतील, तो तुम्ही आज बेंगळुरूच्या कामातून मिळवत आहात. लॅम आणि चिपची मशीनं बनवणारी दुसरी अमेरिकन कंपनी अप्लाइड मटेरियल्स, या दोघांचीही मोठी इंजिनिअरिंग केंद्रं बेंगळुरूत आहेत आणि दोन्ही कंपन्या भारतातले सप्लायर शोधत असतात. कॉन्ट्रॅक्टरशी तुमचा जो करार आहे त्यात थेट संपर्काला मनाई आहे का, ते आधी वकिलाकडून वाचून घ्या. नसेल, तर मंजूर पार्टांची यादी आणि तपासणीचे अहवाल घेऊन त्यांच्या सप्लायर क्वालिटीच्या माणसांना भेटून या.